शेवटची तारीख एक नोव्हेंबर

११ फेब्रुवारी, मंगळवार

खोली ३१४ मध्ये मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू:

दुहेरी भिंतीची काचेची भांडी, आठ. मधल्या पोकळीतून सदतीस अंशांचं पाणी फिरतं. पैकी दोन फुटली, एक विद्यार्थ्याच्या हातून, एक माझ्या (१९९६). तार पकडायचे स्टीलचे जबडे, बारा जोड्या, कानशीने हाताने घासलेले. तार ताणायचे पितळी खुंटे, चोवीस. ताण मोजायच्या दांड्या, सहा. पाचवी तीनदा मोडून पुन्हा केली, म्हणून तीच सगळ्यांत चांगली. काचेच्या सुया ओढायचं यंत्र, एक, शिलाई मशिनच्या मोटरवर चालणारं. सूक्ष्मदर्शकाखाली मनगट टेकायचे अक्रोडाच्या लाकडाचे ओटे, चार. बुडबुडे सोडायच्या काचेच्या नळ्या, मोजल्या नाहीत. (मोजल्या. एकतीस.)

ऑफिसकडून आज छापील तक्ता आला. खोलीतली प्रत्येक वस्तू भरा: नाव, कंपनी, खरेदी क्रमांक, साल. खाली तळटीप, 'खरेदी क्रमांक नसलेली वस्तू नोंदवू नये.' मी प्रामाणिकपणे भरला. एक फ्रीज, दोन सूक्ष्मदर्शक, एक वजनकाटा. एवढंच निघालं. म्हणजे सव्वीस वर्षं पाच महिने मी या लोकांच्या लेखी एका फ्रीजची राखण करतोय.

लॅबचे प्रमुख डॉ. एल्ड्रिज यांना दाखवला. म्हणाले, "जे मागतात ते भर, लाईल." माझ्याकडे न बघता म्हणाले. विम्याची कटकट असणार. ऑफिसला कळत नसेल तर कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही वही काढली.

माझं शिक्षण बारावी. वडिलांच्या गोठ्यातली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत लेथ शिकलो, आणि काचकाम गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकावरून. बोटं भाजली, पण पुस्तक वेळेत परत केलं.

४ मार्च, मंगळवार

मारिसेला ओंतिवेरोस लॅब सोडते आहे.

नीट लिहितो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की लाईल हॉगस्टॅडने रागात लिहिलं. ही मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षात आली, आता तिसऱ्यात आहे. बाप इथून चाळीस मैलांवर डुकराच्या मांसाच्या कारखान्यात सुरीच्या रांगेत उभा असतो. तिला डॉक्टर व्हायचंय. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना डॉक्टर व्हायचं असतं. मेडिकल कॉलेजच्या अर्जात संशोधनाचा रकाना असतो, तेवढ्यासाठी येतात आणि तीन महिन्यांत पसार होतात. हिला मी पहिल्याच दिवशी उंदराची धमनी दिली. दोन मिलिमीटरचं कडं कापायचं, ते केसाहून बारीक अशा दोन तारांवर ओवायचं, मग भांड्यात औषधाचा थेंब टाकून कडं किती आवळतं ते मोजायचं. पोरं पहिल्या दिवशी दहातली दहा फाडतात. हिने चार फाडली. डाव्या हाताने करत होती. मी त्या आठवड्यात तिच्यासाठी डाव्या हाताचा चिमटा घासून दिला.

आज दाराशी उभी.

"मिस्टर लाईल, दोन मिनिटं आहेत?"

"नाहीत. बोल."

"मी लॅब बदलतेय. मार्चच्या सुट्टीनंतर. नदीपलीकडे, डॉ. लिंडक्विस्टकडे."

"तिकडे काय करतात?"

"पेशींचा अभ्यास. बराचसा कॉम्प्युटरवर."

"म्हणजे बोटांना काम नाही."

"टाइप करायला लागतं की." हसली. मी हसलो नाही, तेव्हा तीही थांबली. "जूनमध्ये माझा अर्ज जायचाय. आत्ताच बदलायला हवं, नंतर जमणार नाही."

"अर्जाच्या तीन महिने आधी लॅब सोडणारं माणूस मला डॉक्टर म्हणून नको."

तिने विचारलं, "डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नाही का?"

"डॉक्टर मला सगळं सांगतात."

"मग... बरं."

मी हात पुढे केला. तिने किल्ली दिली. मी हात तसाच ठेवला. तिने चिमटाही काढून दिला. चिमटा लॅबचा आहे. डाव्या हाताचा असल्यामुळे दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही, हे वेगळं.

९ मार्च, रविवार

आर्लिसचा फोन. माझी बहीण शाळेची बस चालवते, त्यामुळे तिला प्रत्येक माणूस मागच्या बाकावर दंगा करणारा पोरगा वाटतो.

"अजून त्या पोरीवर फुगलायस?"

"फुगलो नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

"लाईल, पोरगी घर सोडून गेल्यावर बाप असाच वागतो. तुला पोरगी नाही, एवढं ध्यानात आहे ना?"

आर्लिसला उपमा देता येत नाही. हे तिला पूर्वीही सांगितलंय.

२१ मार्च, शुक्रवार

तिचा शेवटचा दिवस. केक आणला होता. मला दूध उकळल्यासारखा वास आला, नाही खाल्ला. डॉक्टरांनी दोन तुकडे खाल्ले आणि तिला जवळ घेऊन "सॉरी" म्हणाले. जाते ती, आणि सॉरी हे म्हणतात! वय झालं त्यांचं.

तिचं टेबल पुसलं. पुन्हा पुसलं, कारण पहिल्यांदा नीट पुसलं गेलं नव्हतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

तार संपत आली म्हणून मागणी पाठवली होती. ऑफिसने परत पाठवली, 'या खात्यावर नवी खरेदी बंद.' फोन केला. पलीकडची बाई म्हणते, "तुमच्या डॉक्टरांशी बोला." डॉक्टर म्हणतात, "आहे त्यात भागव सध्या." कारकुनांनी कुठला तरी आकडा चुकीच्या रकान्यात टाकला असणार. माझ्या खिशातून तीन रिळं मागवली.

तिच्या जागी नवीन मुलगा किंवा मुलगी घेऊ या म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "यंदा नको." काम आहे आणि हात नाहीत. ज्यांच्यामुळे हात नाहीत ते नदीपलीकडे टाइप करतायत.

५ जून, गुरुवार

आज आली. सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली, आणि पाच मिनिटांनी दोघं माझ्या बाकापाशी.

डॉक्टर म्हणाले, "हिला मेडिकलच्या अर्जासाठी आपल्या लॅबचं पत्र हवंय. तू लिही, मी सही करतो. शिकवलंस तू, मी कसलं लिहिणार?"

"नव्या लॅबचं घे ना," मी तिला म्हटलं.

"त्यांचं घेतलंय. त्यांच्याकडे मी तीनच महिने आहे. तुमच्याकडे अडीच वर्षं होते." मग खाली बघून म्हणाली, "आणि ऐन वेळी लॅब बदलली आणि जुन्या लॅबचं पत्रच नाही, असं दिसलं की ते एकच अर्थ काढतात. हाकलून दिलं. तुमच्या पत्राशिवाय माझा अर्ज उघडणारसुद्धा नाहीत, मिस्टर लाईल."

"माझं मत चांगलं असेलच असं नाही."

"माहितीये."

पत्र गुप्त असतं. उमेदवाराला ते वाचायचा हक्क असतो, पण तो हक्क सोडल्याची सही करावी लागते. नाहीतर पत्राला किंमत नाही. तो कागद माझ्या बाकावर ठेवून तिने तिथेच सही केली. एक क्षण थांबली नाही. मी जन्मात असल्या कागदावर सही केली नसती.

"कधीपर्यंत हवं?"

"जितकं लवकर..."

"लवकर ही तारीख नव्हे. शेवटची तारीख काय?"

तिने सूचनांचा कागद उलटा केला. "एक नोव्हेंबर, पण..."

"पण नाही. सव्वीस वर्षं नऊ महिन्यांत मी एकही तारीख चुकवलेली नाही."

छापील कागद ठेवून घेतला. तिचं खरं मानायला मी काही डॉक्टर एल्ड्रिज नव्हे.

२ जुलै, बुधवार

अर्जात आमच्या लॅबमधले तास तिने १,३०० लिहिलेत. पत्रातही तास द्यायचे असतात, म्हणून ताडून बघितले. ही पोरं तास फुगवतात हे जगजाहीर आहे. मला सापडायलाच हवं होतं.

दाराजवळची माझी वही, येण्याजाण्याच्या वेळा, अडीच वर्षं. तीन दिवस बेरीज केली. १,४१२.

पुन्हा केली. १,४१२.

एकशे बारा तास कमी लिहिलेत. कमी लिहिणं हीही चूकच. ज्याला स्वतःचे तास मोजता येत नाहीत तो औषधाचे थेंब काय मोजणार.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तिचा ईमेल, तिसरा. 'मिस्टर लाईल, सहज आठवण म्हणून. अर्ज जसजसे पूर्ण होतात तसतसे ते मुलाखतीला बोलावतात. माझ्या अर्जात फक्त तुमचंच पत्र यायचं राहिलंय.'

आठवण करून देणं म्हणजे समोरचा विसरतो असं समजणं. शिवाय ही 'जसजसे तसतसे'ची भानगड छापील कागदात कुठेही नाही. कागद दोनदा वाचला, मागची बाजूही. मुदत एक नोव्हेंबर, बस्स. उत्तर दिलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पुलावर गाठ पडली. ती सायकल हातात धरून येत होती. वळून जाणार होतो, पण पुलावर वळणार कुठे?

"पत्र, मिस्टर लाईल?"

"एक नोव्हेंबर."

"माझ्याबरोबरच्या दोघींच्या मुलाखती झाल्यासुद्धा."

"घाईची पत्रं घाईनेच वाचतात. तुझं पत्र नीट होतंय."

"होतंय? म्हणजे लिहायला घेतलंत?"

मी उत्तर द्यायला बांधील नाही. खरं तर अकरावा मसुदा चालू आहे. दहाव्यात एक विशेषण शिरलं होतं.

ती म्हणाली, "डॉक्टर एल्ड्रिजना मी सांगू का, त्यांनीच चार ओळी..."

"सांग. त्यांना तुझा हात डावा की उजवा तेही सांगावं लागेल."

सायकलवर बसून निघून गेली. 'येते' म्हणाली नाही. नदीपलीकडे हेच शिकवत असणार.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पत्र गेलं. मुदतीच्या दोन दिवस आधी.

प्रत इथे उतरवून ठेवतो, सगळी नाही, मुख्य भाग.

'कु. ओंतिवेरोस या लॅबमध्ये १,४१२ तास होत्या (अर्जातला आकडा कमी आहे, सोबत वहीची प्रत). ३१८ दिवस आल्या. चार वेळा उशीर, चारही वेळा महामार्ग बर्फामुळे बंद. धमनीची २,२०६ कडी तारेवर चढवली, ६१ फाटली. माझं स्वतःचं प्रमाण पहिल्या तीन वर्षांत याहून वाईट होतं. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांनी दोन उंदरांच्या धमन्यांच्या चिठ्ठ्यांची चुकून अदलाबदल केली. चूक कुणाच्याही लक्षात आली नव्हती आणि येण्याचा संभव नव्हता. सहा आठवड्यांनी जुनी वही चाळताना ती त्यांना दिसली, आणि त्यांनी त्याच तासाला मला येऊन सांगितलं. सहा आठवड्यांचं काम फेकावं लागलं. हा त्यांचा दोष म्हणून नोंदवतो. फेकलेलं काम त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा केलं; तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या फार भरभर बोलतात. मार्च २०१४ मध्ये त्या काम सोडून दुसऱ्या लॅबमध्ये गेल्या. माझ्या मते चुकीचा निर्णय. त्यांची जागा अद्याप भरलेली नाही आणि भरेल असं मला वाटत नाही.'

कौतुकाचा एक शब्द घातलेला नाही. जे घडलं ते.

डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि मग खाली बसले. चष्मा काढून पुसला.

"काही चुकलंय?" मी विचारलं.

"नाही रे." मग म्हणाले, "माझ्याबद्दल कुणी असं लिहिलेलं नाही आजवर."

लांबी जास्त झाली असं सुचवत होते. एक पान आणि सात ओळी. कमी करण्यासारखं काही नव्हतं. सही केली त्यांनी.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे सावकाश लिहितो.

दुपारी दीड वाजता, भांड्यात चार कडी चालू, आणि दार धाडकन उघडलं. मारिसेला. मुलाखतीचा काळा कोट अंगात, बुटांना बर्फ.

"ते एकोणीस ऑक्टोबरचं तुम्ही पत्रात लिहिलंत!"

"पत्र गुप्त असतं. तुला कसं कळलं?"

"काल मुलाखत होती. अर्धा वेळ त्यांनी तेवढंच विचारलं!"

"खोटं होतं का त्यात काही?"

"नाही! खोटं काही नव्हतं, म्हणून तर..." ती तिच्या जुन्या स्टुलावर बसली, मग लक्षात येऊन उठली. "त्यातला म्हातारा सर्जन म्हणाला, अशी चूक आपणहून सांगणारा डॉक्टर मिळाला तर मी त्याच्यापुढे डोळे मिटून आडवा होईन. सगळे हसले. मी हवेत तरंगत दारापर्यंत गेले. आणि दारात त्यांच्यातल्या बाई मला हळूच म्हणाल्या, काय गं पोरी, इतका उशीर का लावलास? ही फाइल सप्टेंबरात आली असती तर बोलायची गरजच नव्हती. आता जागा उरल्यात चार आणि माणसं उरलीत दोनशे."

"उशीर कसला? तीस ऑक्टोबरला..."

"मी जूनमध्ये मागितलं होतं! जून, मिस्टर लाईल!"

"कागदावर एक नोव्हेंबर छापलंय."

"छापलंय! ती दाराला कुलूप घालायची वेळ आहे. लोक ऑगस्टपासून आत बसून जेवतायत. मी तुम्हाला लिहिलं, पुलावर सांगायला गेले, आणि तुम्ही... तुम्हाला मला शिक्षा करायची होती, बास. पाच महिने ताटकळत ठेवलंत मला."

"तू काम अर्धवट टाकून गेलीस."

"अर्धवट?" तिचा आवाज एकदम खाली आला. मला तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. "येत्या तीस जूनला इथे दिवासुद्धा राहणार नाही. अनुदान गेलं. गेल्या वर्षी जानेवारीतच गेलं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, दुसरी लॅब बघ, तुझ्या अर्जात बुडती लॅब नको. आणि लाईलला मी सांगतो, तू काही बोलू नकोस म्हणाले. मी शब्द दिला. तुम्ही मला काय काय बोललात, आणि मी तोंड मिटून बसले, तुम्हाला त्यांच्याकडून कळावं म्हणून. वर्ष झालं!"

मी म्हटलं, "दार लाव. उष्णता जाते."

तिने दार लावलं. बाहेरून.

पाणी ३६.४ पर्यंत उतरलं होतं. चारही कडी वाया.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना विचारलं. खरं आहे.

"मला वाटलं तू ओळखलं असशील," म्हणाले. "तक्ता आला, तार मिळेना, नवीन मुलं घेतली नाहीत..."

"तक्ता विम्यासाठी होता."

"ते तू म्हणालास, लाईल. मी नव्हतो म्हणालो."

"सत्तावीस वर्षं पाच महिने."

"अरे, रोज सकाळी ठरवायचो. तू त्या भांड्यांवर फुंकर घालत असायचास, आणि..." माणसाला हातातलं काम बघून दया येते आणि म्हणून तो वर्षभर फसवतो, हे मला कळत नाही. मी त्यांना भित्रा म्हटलं. ते हो म्हणाले. हो म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही.

आणि तिने? शब्द दिला म्हणे. माझ्या शिव्या खाण्यापेक्षा एक वाक्य बोलायला काय झालं होतं? 'लॅब बंद होतेय.' दोन शब्द, क्रियापद धरून तीन. मी पत्र... काय केलं असतं ते आता सांगता येत नाही. जे घडलं नाही ते लिहायची ही वही नव्हे.

८ फेब्रुवारी, रविवार

आर्लिसला फोन मी केला. तिने सगळं ऐकून घेतलं, तिच्या स्वभावाविरुद्ध.

"तारीख तर चुकवली नाहीस तू," म्हणाली.

"नाही."

"स्टॉपवर पोर उभं असतं थंडीत. बस सातला यायची असते. सातच्या ठोक्याला नेली, तरी पोर सहापासून उभं असलं तर गारठायचं ते गारठतंच. मी लवकर जाते."

मी म्हटलं तुझ्या उपमा लंगड्या असतात. म्हणाली, असू दे. फोन ठेवला.

१८ मार्च, बुधवार

डॉक्टरांकडून कळलं. प्रतीक्षा यादी, क्रमांक एकवीस. गेल्या वर्षी यादीतले किती जण आत गेले ते मी ग्रंथालयात जाऊन शोधलं. नऊ.

३० एप्रिल, गुरुवार

यादीतले सहाच आत गेले. कॉलेजने तिला कळवलं, यंदा नाही. ती वर्षभर लिंडक्विस्टच्या लॅबमध्ये पगारावर राहणार आणि पुन्हा अर्ज करणार. नव्या वर्षाची पत्रं स्वीकारायला पाच मेपासून सुरुवात.

तिने पत्र मागितलेलं नाही. ईमेल नाही, निरोप नाही. मी टपालपेटीही बघून आलो.

५ मे, मंगळवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पत्र पाठवलं. डॉक्टरांना काल संध्याकाळीच सही करायला लावली. पोचल्याची पावती सात अकराला आली, खिळ्याला लावली.

मजकूर तोच. बदलायला बसलो होतो, 'चुकीचा निर्णय' या ओळीपाशी बराच वेळ. पहिल्या वेळी ती माझी माहिती अपुरी असताना लिहिली होती, म्हणून काढली. बाकी सगळं तसंच. तारीख नवीन.

तिला कळवायचं कारण नाही. तिने तो हक्क सोडलेला आहे.

१२ जून, शुक्रवार

खोली रिकामी होत आली. फ्रीज ऑफिसची माणसं घेऊन गेली, त्याला क्रमांक होता.

दुपारी डॉ. लिंडक्विस्ट स्वतः आल्या. मला वाटलं होतं कुणी चटपटीत बाई असेल. साठीच्या आहेत, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. खोक्यांवर बसल्या, खुर्च्या गेल्या होत्या.

"हॉगस्टॅड, सरळ बोलते. मला हाताने काम करणारा माणूस हवाय. कॉम्प्युटर सांगतो त्या गोष्टी कुणीतरी खऱ्या धमनीवर करून बघायला नकोत का? वर्षभर पैसे मागत होते, परवा मंजूर झाले. तुम्ही या."

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? मारिसेलाने. ती माझ्याकडे पहिल्या दिवशी आली तेव्हाच. मी तिला विचारलं, तुला काय येतं? तर म्हणाली, मला येतं ते सगळं एका माणसाने शिकवलंय, माझ्यापेक्षा त्यालाच घ्या. गेल्या वर्षीचा मार्च. तेव्हापासून दर महिन्याला डोकं खातेय माझं."

"फेब्रुवारीनंतरही?"

"फेब्रुवारीत काय झालं?"

तिने तिथे काही सांगितलेलं नाही.

बाईंनी नकाशा आणला होता, निळ्या शाईचा. मला एक स्वतंत्र खोली, लेथ, काचेची भट्टी, शेगडी. खोलीला लागून काचेची भिंत. "दारं बंद करून बसलेली माणसं मला आवडत नाहीत," म्हणाल्या.

"काचेच्या पलीकडे कोण बसतं?"

"ती. पुढच्या वर्षी कुठे प्रवेश मिळेपर्यंत. तुमच्या समोरच. बरं पडेल की, सगळं ओळखीचं."

मी नकाशा फिरवून पाहिला. खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारच्या उन्हात शेगडीची ज्योत दिसत नाही आणि ज्योत न दिसता काच फुंकणं म्हणजे हात गमावणं. हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पडदा लावू. मी म्हटलं, पडद्याला आग लागते. त्या म्हणाल्या, मग खिडकी विटांनी बुजवू. मी नकाशा त्यांच्याकडे सरकवला. बाई त्याची घडी घालायला लागल्या, अगदी सावकाश, मी मध्ये बोलेन म्हणून असावं.

"तिला काय सांगू?"

"खिडकीचं सांगा."

तीस जूनला माझी नोकरी संपते. दुसरी बघितलेली नाही. सध्याचा पगार वर्षाला त्रेचाळीस हजार सातशे डॉलर. डॉ. लिंडक्विस्ट यांनी देऊ केलेला, आणि मी आज दुपारी पावणेचारला नाकारलेला: पाच वर्षांचा लेखी करार, स्वतःची कार्यशाळा, वर्षाला एकसष्ट हजार दोनशे.